यंत्राचा श्वास आणि चिंधीची दुरुस्ती

(नभोवाणीवरील व्याख्यान)

पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सूर्या नदीच्या कांठीं, मासवण हें गांव आहे. सूर्येचें पाणी येथें पंपांनीं उचललें जातें आणि पुढें शुद्ध होऊन वसई-विरारच्या दाट वस्तीस पुरविलें जातें. नदींतून पाणी उचलणाऱ्या कोणत्याहि पंपाच्या तोंडाशीं जाळी असते. पाण्याबरोबर एखादें फडकें अथवा दोराचा तुकडा आंत गेला, तर पंपाचें चाक जायबंदी होतें, हें नदीकांठच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु त्याच रस्त्यानें बोईसर-तारापूरच्या कारखान्यांकडे किंवा मनोरच्या महामार्गाकडे धांवणाऱ्या अनेक मोटारींच्या पोटांत ह्याच पंपाचा एक लहानसा भाऊबंद फिरत असतो. तो पाण्याऐवजीं हवा उचलतो, आणि साध्या पंपाच्या शंभरपट वेगानें फिरतो. त्याचें नांव टर्बोचार्जर. त्याच्याकडे हवा नेणाऱ्या रबरी नळीला चीर पडली म्हणजे तीवर चिंधी, चिकटपट्टी आणि तार गुंडाळून वेळ भागविली जाते. आणि मग कांहीं दिवसांनीं, कधीं तर कांहीं तासांतच, दोन-चार रुपयांच्या त्या पट्टीपायीं हजारों रुपयांचें यंत्र निकामी होऊन बसतें. पन्नास-साठ वर्षांपूर्वीं असल्याच चिंधीनें गाडी सुखरूप घरीं येत असे. आज तीच चिंधी गाडीचा घात कां करते, ह्याचें उत्तर ह्या यंत्राच्या इतिहासांत सांपडतें.

इंजिन तेलावर चालतें असें लोक म्हणतात. वस्तुतः तें तेलापेक्षां हवेवर अधिक चालतें. एक किलो डीझेल पुरतें जळावयास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते. एका लिटर डीझेलचें वजन किलोहून थोडें कमी भरतें. तरीहि हिशेब केला तर दर लिटरमागें सुमारें बारा किलो, म्हणजे आकारमानानें दहा हजार लिटर हवा इंजिनास ओढून घ्यावी लागते. प्रत्यक्ष व्यवहारांत डीझेल इंजिन ह्याहूनहि अधिक हवा घेतें. मालक तेल मापून घेतो, त्याची पावती मागतो. हवा फुकट मिळत असल्यानें तिची मोजदाद कोणी करीत नाहीं. पण इंजिनाच्या शक्तीची मर्यादा ठरते ती हवेवरून. सिलिंडरांत जितकी हवा मावेल तितकेंच तेल तींत जळणार. मग अधिक शक्ति हवी असेल तर मार्ग दोनच: सिलिंडर मोठा करावा, अथवा आहे त्याच सिलिंडरांत हवा दाबून भरावी.

हा दुसरा मार्ग ज्यानें नव्या रीतीनें चोखाळला तो स्वित्झर्लंडचा इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी. त्याचा जन्म १८७९ सालीं विंटरथूर गांवीं झाला. इंजिनांत जाळलेल्या तेलाच्या उष्णतेचा फार मोठा भाग धुराड्यावाटे निघून जातो, हें त्या काळच्या सर्व इंजिनियरांना ठाऊक होतें. ब्यूखीनें असा विचार केला कीं, बाहेर जाणाऱ्या ह्या तप्त वायूच्या झोतानें एक चाक फिरवावें, त्याच चाकाच्या दांड्यावर पलीकडच्या टोंकास दुसरें चाक बसवावें, आणि त्या दुसऱ्या चाकानें बाहेरची ताजी हवा ओढून ती दाबून इंजिनास द्यावी. पाटाच्या वाहत्या पाण्यावर जातें फिरवावें तशीच ही योजना. १६ नोव्हेंबर १९०५ ह्या तारखेचें जर्मन पेटंट त्याच्या नांवें आहे. ह्या जोडीपैकीं धुरानें फिरणारें चाक म्हणजे टर्बाइन आणि हवा दाबणारें चाक म्हणजे कॉम्प्रेसर. दोहोंमध्यें एकच दांडा. एका टोंकाशीं भट्टीची आंच आणि दुसऱ्या टोंकाशीं बाहेरची थंड हवा.

कल्पना उत्तम होती, परंतु ती धातूच्या पुढें धांवत होती. तांबडालाल होण्याइतक्या उष्णतेंत सतत फिरत राहील असें पोलाद त्या काळीं सहज मिळत नसे. त्यामुळें ब्यूखीच्या योजनेस मूर्त स्वरूप येण्यास जवळजवळ वीस वर्षें गेलीं. १९२० नंतरच्या दशकांत ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ ह्या दोन जर्मन उतारू जहाजांच्या डीझेल इंजिनांवर त्याच्या देखरेखीखालीं टर्बोचार्जर बसविण्यांत आले, आणि त्याच इंजिनांची शक्ति सुमारें चाळीस टक्क्यांनीं वाढली. समुद्रावरची हवा स्वच्छ असते, जहाजावर यंत्राशेजारीं जाणता इंजिनियर रात्रंदिवस उभा असतो, आणि जागेची टंचाईहि फारशी नसते. अशा सुखवस्तु घरांत ह्या यंत्राचें बालपण गेलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

दरम्यान पहिलें महायुद्ध येऊन गेलें होतें. विमान जसजसें उंच जातें तसतशी हवा विरळ होते आणि इंजिनाचा श्वास कोंडूं लागतो. फ्रान्समध्यें ओग्युस्त रातो ह्या इंजिनियरानें विमानाच्या इंजिनावर टर्बोचार्जर बसविण्याचे प्रयोग केले. अमेरिकेंत हें काम जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफर्ड मॉस ह्याच्याकडे आलें. उंचीवरची विरळ हवा जमिनीवर कोठून आणावी? मॉसनें ‘लिबर्टी’ नांवाचें बारा सिलिंडरांचें इंजिन एका ट्रकवर चढविलें आणि १९१८ सालीं कोलोरॅडो प्रांतांतील पाइक्स पीक ह्या १४,१०९ फूट उंचीच्या शिखरावर तें नेलें. सखल प्रदेशांत ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन शिखरावर २३० अश्वशक्तीवर उतरलें. टर्बोचार्जर जोडतांच त्यानें ३५६ अश्वशक्ति दिली. डोंगराच्या माथ्यावर यंत्रास समुद्रसपाटीचा श्वास परत मिळाला. ह्याच कंपनीनें बांधलेलीं तारापूरच्या अणुविद्युत् केंद्रांतील पहिलीं दोन संयंत्रें १९६९ सालीं सुरू झालीं, हा योगायोग पालघरकरांस मौजेचा वाटेल.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेचीं मोठीं बाँबफेकीं विमानें उंचावरून उडत तीं ह्याच यंत्राच्या बळावर. त्या वेळीं लाखोंच्या संख्येनें टर्बाइनचीं पातीं हवीं होतीं, आणि तप्त वायूंत टिकेल अशी धातूहि हवी होती. ती सांपडली दंतवैद्याच्या दुकानांत. कृत्रिम दांतांच्या कामासाठीं कोबाल्टपासून बनविलेली ‘व्हायटॅलियम’ नांवाची मिश्र धातु १९३० नंतर प्रचारांत आली होती. दांत ओतण्याची मेणाच्या सांच्याची रीत आणि ती धातु, दोन्हीं उचलून पातीं ओतण्यांत आलीं. माणसाच्या तोंडांत बसणाऱ्या दांताइतकें काटेकोर माप ह्या पात्यांना लागलें. पुढें चिंधीचा प्रश्न येईल तेव्हां हें माप आठवावें लागेल.

उष्णतेचा शत्रु असा जिंकला. दुसरा शत्रु म्हणजे धूळ. १९४२ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत इंग्रजांचीं स्पिटफायर विमानें लढावयास गेलीं. ह्या विमानांतील हवा दाबणारें यंत्र धुराच्या झोतानें न फिरतां इंजिनाच्या दांड्यानें फिरे, परंतु वाळूचा प्रश्न दोहोंस सारखाच. वाळू आंत गेली कीं इंजिनाचें आयुष्य झपाट्यानें सरे. म्हणून विमानाच्या हनुवटीखालीं ‘व्होक्स’ बनावटीचा मोठा फिल्टर बसविण्यांत आला. त्यानें वाळू अडविली, पण तो इतका अवजड आणि बोजड होता कीं विमानाची गति मंदावली. तेव्हां इजिप्तमधील अबूकीर येथील विमानदुरुस्तीच्या कर्मशाळेंतील कारागिरांनीं एक लहान, निमुळता फिल्टर जागच्या जागीं घडविला. तो ‘अबूकीर फिल्टर’ म्हणून प्रसिद्ध आहे. मूळ कारखान्यापासून हजारों मैल दूर, हातीं असलेल्या साधनांनीं केलेली ही सोयच होती. परंतु हवेची वाट मोकळी राहिली पाहिजे, घट्ट राहिली पाहिजे आणि स्वच्छ राहिली पाहिजे, ह्या तीन अटी त्या कारागिरांनीं कधीं नजरेआड होऊं दिल्या नाहींत. म्हणूनच त्यांची सोय इतिहासांत टिकली.

ह्या तीन अटींपैकीं एक जरी सुटली तर काय होतें, ह्याचा प्रसिद्ध दाखला १९५२ सालचा आहे. अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें दर वर्षीं पांचशें मैलांची मोटारशर्यत होते. अडीच मैलांच्या वाटेच्या दोनशें फेऱ्या. त्या वर्षीं कमिन्स कंपनीनें आपल्या डीझेल इंजिनाची एक गाडी शर्यतीस धाडली. तिच्यावर टर्बोचार्जर होता, आणि सारथी होता फ्रेड अगाबाशियन. डीझेलची गाडी म्हणजे मालवाहू रेडा अशी लोकांची समजूत. पण ह्या गाडीनें पूर्वपरीक्षेंत तासास सुमारें १३८ मैलांचा वेग दाखवून सर्वांपुढचें पहिलें स्थान पटकाविलें. प्रत्यक्ष शर्यतींत मात्र सुमारें सत्तर फेऱ्यांनंतर ती बाद झाली. तिचें इंजिन फुटलें नव्हतें, चाकहि निखळलें नव्हतें. टर्बोचार्जरकडे हवा नेणारें तोंड गाडीच्या पुढच्या अंगास खालीं होतें. पुढच्या गाड्यांच्या टायरांचे रबराचे कण आणि वाटेवरची घाण त्यांत जाऊन तें तुंबलें. शर्यतींत पहिल्या स्थानावरून निघालेल्या गाडीचा पराभव तिच्या नाकपुडीनें केला.

ह्याच कमिन्स कंपनीनें १९६२ सालीं किर्लोस्करांच्या भागीदारींत पुण्यास डीझेल इंजिनांचा कारखाना काढला. तें साल एकंदरींतच ह्या इतिहासांत महत्त्वाचें आहे. त्याच वर्षीं भारतीय रेल्वेकडे अमेरिकेच्या आल्को कंपनीचीं २,६०० अश्वशक्तीचीं डीझेल आगगाडीइंजिनें आलीं. त्यांवर टर्बोचार्जर होते. आणि १९६४ पासून तींच इंजिनें वाराणसीस तयार होऊं लागलीं. त्याच १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबिल कंपनीनें ‘जेटफायर’ नांवाची टर्बोचार्जर बसविलेली घरगुती मोटार बाजारांत आणली. तिच्यांत शुद्ध पाणी आणि मेथिल अल्कोहोल ह्यांचें एक द्रव मिश्रण वेगळ्या टांकींत भरावें लागे; तें इंजिनांत फवारलें जाऊन दाबलेली हवा निववी. पुष्कळ मालक ती टांकी भरावयास विसरत. शेवटीं अनेक गाड्यांवरून टर्बोचार्जर उतरवून साधा कार्बुरेटर बसविण्याची पाळी आली. जहाजावरच्या सुखवस्तु घरांतून हें यंत्र सामान्य गृहस्थाच्या दारीं आलें, आणि तेथें येतांच त्याची गांठ निष्काळजीपणाशीं पडली.

महाराष्ट्रांत ह्या सुमारास मोटारीचा संसार कसा चालत होता तें पाहण्यासारखें आहे. १ जून १९४८ रोजीं राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरास गेली, आणि पुढच्या कांहीं वर्षांत खेडोपाडीं मोटार पोंचली. रस्ते कच्चे, सुटे भाग दुर्मिळ, आणि जवळचें मोठें दुकान पन्नास मैलांवर. अशा स्थितींत रस्त्याकडेचा मिस्त्री हाच गाडीचा धन्वंतरी होता. पेट्रोलची टांकी गळूं लागली तर तो साबणाची वडी मळून भेगेंत भरी. रेडिएटर गळूं लागला तर त्यांत हळदीची पूड टाकी. रबरी नळी फाटली तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळी आणि वर तार आवळी. ह्या विद्येची थट्टा करणें शोभणार नाहीं. तिनें बाळंतिणी दवाखान्यांत पोंचविल्या आहेत, लग्नाचीं वऱ्हाडें मुहूर्तापूर्वीं मांडवांत उतरविलीं आहेत.

आणि ही विद्या खरोखरच चालत होती, ह्यालाहि कारण होतें. त्या काळच्या इंजिनांत हवेच्या वाटेवर फिरणारी अशी कांहीं वस्तूच नव्हती. फिल्टर, नळी, आणि मग थेट इंजिन. नळीस लावलेली पट्टी सैल झाली तर थोडी धूळ आंत जाई, इंजिन थोडें कुरकुरे, एवढेंच. धुळीनें सिलिंडर आणि दट्ट्याच्या कड्या घासल्या जात हें खरें. परंतु ती झीज महिन्यांनीं उघडी पडे, आणि तिचा दोष ठिगळास न देतां गाडीच्या वयास दिला जाई. तात्पुरती दुरुस्ती अशा रीतीनें कायमची होऊन बसे. पिढ्यान्‌पिढ्या हाताला तें वळण पडून गेलें.

मग गाडी बदलली, आणि हात मात्र तेच राहिले. १९९८ सालीं पुण्याच्या टाटा कारखान्याची सफारी आणि २००२ सालीं महिंद्रांची नाशिकमध्यें तयार होणारी स्कॉर्पिओ, ह्या दोन्हीं गाड्या टर्बो डीझेल इंजिन घेऊन आल्या. पाठोपाठ धुरावरचे सरकारी निर्बंध कडक होत गेले. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ हे नियम देशभर लागू झाले. थोड्या तेलांत अधिक शक्ति आणि कमी धूर पाहिजे असेल तर हवा दाबून भरण्यास पर्याय उरला नाहीं. आज डीझेलच्या घरगुती मोटारींत टर्बोचार्जर नसलेली गाडी शोधूनहि सांपडणें कठीण, आणि लहान पेट्रोल मोटारींतहि तो शिरला आहे. एके काळीं दोन जहाजांपुरतें असलेलें यंत्र मासवणच्या रस्त्यावर कुटुंबांना आणि कामगारांना वाहूं लागलें.

ह्या यंत्राचा वेग किती असतो, ह्याची कल्पना एका साध्या गणितानें येईल. स्वयंपाकघरांतील मिक्सर मिनिटास सुमारें वीस हजार फेरे घेतो. मोटारीच्या टर्बोचार्जरचें चाक मिनिटास दीड लाख फेरे सहज घेतें. लहान चाकें तर दोन लाखांच्याहि पुढें जातात. दीड लाख फेरे मिनिटास म्हणजे अडीच हजार फेरे सेकंदास. चाकाचा व्यास पांच सेंटिमीटर धरला तर परीघ सुमारें पावणेसोळा सेंटिमीटर होतो. म्हणजे पात्याचें टोंक एका सेकंदांत सुमारें ३९० मीटर अंतर कापतें. हवेंत ध्वनीचा वेग सेकंदास ३४० मीटरांच्या आसपास आहे. ध्वनीहून वेगानें जाणाऱ्या ह्या पात्याची कड कागदासारखी पातळ असते. अशा पात्यास चिंधीचा धागाहि दगडासारखा लागतो.

आतां समजा, एक मोटार मनोरहून पालघरकडे निघाली आहे. फिल्टर आणि टर्बोचार्जर ह्यांच्यामधील रबरी नळी उष्णतेनें आणि वयानें कडक होऊन चिरली आहे. कोणीतरी तिच्यावर कापडाची चिंधी गुंडाळून वर वीजतारेला लावावयाची चिकटपट्टी फिरविली आहे. गाडी हळूं चालते तोंवर सर्व ठीक दिसतें. पुढें चढ लागतो, चालक पाय दाबतो, आणि दोन लिटरांचें तें इंजिन सेकंदास शंभर लिटरांच्या आसपास हवा मागूं लागतें. नळींत शोषण वाढतें. इंजिनाच्या तापानें पट्टीचा डिंक तर आधींच पातळ झालेला असतो. चिरेंतून पट्टीची कड आंत ओढली जाते, फडफडते आणि तुटते. ह्या नळीच्या पुढें दुसरी जाळी नसते. फिल्टर मागें राहिलेला असतो. तुकडा सरळ चाकावर जाऊन आदळतो.

पात्याची कड वांकते, क्वचित् एखादें टोंक तुटूनहि जातें. घाव लहान दिसला तरी त्याचा परिणाम मोठा असतो. चाकाचा दांडा ज्या बेअरिंगांत फिरतो तेथें तेलाचा अत्यंत पातळ पडदा असतो, आणि दांडा त्या पडद्यावर तरंगत फिरतो. ही फट मिलिमीटरच्या कांहीं शतांश भागांइतकीच असते. पातें वांकलें कीं चाकाचा तोल जातो. तोल गेला कीं दांडा थरथरतो. थरथरला कीं तेलाचा पडदा फाटतो आणि धातूवर धातु घासूं लागते. मग चाक आपल्या घराच्या भिंतीस लागतें. धातूचे कण हवेबरोबर पुढें इंटरकूलरमध्यें आणि तेथून सिलिंडरांत जातात. दुसरीकडे सांधे झिजल्यामुळें बेअरिंगचें तेल हवेच्या वाटेंत गळूं लागतें. डीझेल इंजिनास तें तेलहि जाळतां येतें. गळती फार झाली तर किल्ली बंद केल्यावरहि इंजिन त्या तेलावर बेफाम धांवूं लागण्याचा प्रसंग येतो. एका चिंधीनें सुरू झालेली गोष्ट अशी सबंध इंजिनापर्यंत पोंचते.

चीर नळीच्या दुसऱ्या अंगास, म्हणजे टर्बोचार्जर आणि इंजिन ह्यांच्यामध्यें असेल तर प्रकार निराळा होतो. तेथें हवा दाबाखालीं असते; पट्टी आंत न जातां बाहेर फुगते आणि फुटते. दाबलेली हवा वाटेंतच निसटते, इंजिनास पुरेशी मिळत नाहीं. नियंत्रक यंत्रणा अधिक हवा मागते, आणि टर्बोचार्जर ती तूट भरून काढण्यासाठीं नेमलेल्या वेगाहून अधिक वेगानें फिरूं लागतो. तेल अर्धवट जळून काळा धूर येतो, धुराची आंच वाढते. गळक्या घागरींत पाणी भरणाऱ्या गड्यासारखी त्याची स्थिति होते. काम संपत नाहीं आणि जीव मात्र जातो.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा, कारण त्यांत आवाजहि होत नाहीं. ठिगळ जागेवर राहतें, परंतु त्याच्या कडेनें केसाएवढी फट राहते. दगडखाणींच्या आणि बांधकामांच्या रस्त्यांवरची धूळ त्या फटींतून, फिल्टरला वगळून, आंत जाते. वाळूचे सूक्ष्म कण ध्वनीच्या वेगानें फिरणाऱ्या पात्यांवर येऊन आदळतात, आणि पात्यांच्या धारा कानसेनें घासल्याप्रमाणें झिजत जातात. गाडीची शक्ति इतकी हळूहळू उतरते कीं मालकास तें कळतहि नाहीं. इंडियानापोलिसच्या गाडीस सत्तर फेऱ्यांत जें भोगावें लागलें, तेंच येथें सावकाश घडतें.

पावसाळ्यांत ह्याच वाटेनें पाणीहि येतें. हवा घेणारें तोंड कारखान्यांत विचारपूर्वक उंच ठेवलेलें असतें. त्याची नळी तुटली म्हणून ती काढून टाकली, तर गाडी आपला श्वास खालच्या पातळीवरून घेऊं लागते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां मुंबईच्या तुंबलेल्या रस्त्यांवर कित्येक इंजिनांनीं हवेबरोबर पाणी ओढून घेतलें. हवा दबते, पाणी दबत नाहीं. त्यामुळें दट्ट्याचे दांडे वांकून इंजिनें जागच्या जागीं अडकलीं.

ह्यावर उपाय काय, तो फार मोठा नाहीं. नवी शीळ, वाढता काळा धूर, चढावर गाडीनें धरलेला दम, आणि हवेच्या नळीच्या तोंडाशीं दिसणारें तेल, हीं चार लक्षणें घरच्या माणसांनींहि ओळखावीं. फिल्टर आणि टर्बोचार्जर ह्यांच्यामधील नळी फाटली असेल तर गाडी दुसऱ्या गाडीनें ओढून नेणें हेंच शहाणपणाचें. दाबाच्या अंगाची नळी फुटली आणि तेथें थांबणें अशक्यच असेल, तर ठिगळ बाहेरून लावावें, त्याचा एकहि दोरा आंत लोंबूं देऊं नये, दोन्हीं टोंकांस क्लिपा आवळाव्या, आणि पाय न दाबतां जवळच्या कारखान्यापर्यंतच जावें. तेथें पोंचल्यावर ठिगळ काढून नवी नळी बसविणें हें अर्धें काम. चाक हातानें फिरवून पाहणें, दांड्याची हालचाल तपासणें, आणि वाटेंत अडकलेला प्रत्येक तुकडा शोधून बाहेर काढणें हें उरलेलें अर्धें. एक तुकडा हरवला आहे असें वाटलें तर तो सांपडेपर्यंत इंजिन चालू करूं नये. नवा टर्बोचार्जर बसविला आणि जुना तुकडा नळींत राहिला, तर नव्याचेंहि तेंच होतें.

ह्या सर्वांत रस्त्याकडेच्या मिस्त्रीस दोष देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. त्यानें आपल्या गुरूकडून शिकलेली युक्ति इमानानें वापरली. गाडीच्या आंत काय बदललें हें त्यास कोणीं सांगितलें नाहीं. विक्रीच्या वेळीं गाडीचा रंग, गति आणि गालिचा ह्यांचें वर्णन मालकास ऐकविलें जातें. हवेच्या नळीचा उल्लेख होत नाहीं. घाई तर बहुधा मालकाचीच असते. “आजचा दिवस भागवा, उद्यां पाहूं,” हे शब्द त्याच्याच तोंडचे, आणि तो उद्यां क्वचितच उजाडतो.

अबूकीरचे कारागीरहि कारखान्यापासून दूरच होते आणि त्यांच्या हातींहि साधनें तोकडीं होतीं. हवेच्या वाटेस काय चालतें आणि काय चालत नाहीं हें मात्र त्यांना नेमकें ठाऊक होतें. मासवण, मनोर, बोईसर येथील दुकानांत तेवढें ज्ञान पोंचलें तर साबण आणि हळद वापरणाऱ्या हातांचें कसब वायां जाणार नाहीं. ब्यूखीच्या कल्पनेस योग्य धातूची वाट पाहत वीस वर्षें थांबावें लागलें, आणि दंतवैद्याच्या मापाचीं पातीं घडलीं तेव्हां ती युद्धाच्या कसोटीस उतरली. त्या पात्यांच्या वाटेंत चिंधी येऊं न देणें, एवढेंच काम आतां मालकाकडे आणि मिस्त्रीकडे राहिलें आहे.